सूर्य देतो शंभराची नोट, पृथ्वी परत करते चिल्लर

डिसेंबरात निफाडला मामांकडे गेले होते, आणि ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना माहितीये की त्या दिवसांत पहाटे कोणी झोपत नाही. साडेपाचला उठून बाहेर आले तर मामा आणि मोठा मामेभाऊ थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवत फिरत होते, मोटर चालू होती, ठिबकचं पाणी सुटलेलं होतं. शेडच्या खांबाला टांगलेल्या थर्मामीटरवर ३ डिग्री दिसत होतं आणि बांधावरच्या गवतावर मात्र पांढरा बर्फाचा थर. मामांनी मला तिथंच उभं केलं आणि म्हणाले, "तू फिजिक्स शिकवतेस ना पोरांना, मग मला सांग, हवा ३ डिग्रीवर आहे, पाणी गोठतं शून्यावर, मग गवतावर बर्फ आला कुठून?"

प्रश्न इतका बरोबर होता ना, की मी त्यांना तेव्हा दोन वाक्यात उत्तर दिलं, पण घरी नाशिकला आल्यावर वाटलं की हे नीट लिहायला पाहिजे, कारण ह्या एका प्रश्नाचा धागा ओढत गेलं की पार सूर्यापर्यंत आणि प्रकाशाच्या एन्ट्रॉपीपर्यंत (ती काय ते पुढे सांगते) जाता येतं, आणि तो विषय मला मनापासून आवडतो.

तर दोन वाक्यातलं उत्तर असं, की गवत फक्त हवेला चिकटलेलं नसतं, ते आकाशाकडे उघडं पण असतं. आणि निरभ्र रात्री आकाश हवेपेक्षा खूप थंड असतं.

आता सविस्तर. जगातली प्रत्येक वस्तू, जिला काही ना काही टेंपरेचर आहे, ती प्रकाश टाकत असते. लोहाराच्या भट्टीतली सळई लाल दिसते, अजून तापवली की पिवळी, मग पांढरट, हे आपण बघितलेलं असतं. सुमारे ५२५ डिग्रीच्या आसपास वस्तू अंधारात जेमतेम लालसर दिसायला लागते, पण त्याच्या खाली प्रकाश बंद झालेला नसतो, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये गेलेला असतो. तुम्ही, मी, चहाचा कप, भिंत, द्राक्षाचं पान, सगळे आत्ता ह्या क्षणी चमकतायत. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५७७० केल्विनवर आहे (आपल्या डिग्रीत २७३ मिळवले की केल्विन) म्हणून त्याच्या प्रकाशाचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ येतो, जे आपल्याला दिसतं, आणि आपलं अंग ३०० केल्विनच्या जरा वर म्हणून आपला जोर साडेनऊ-दहा मायक्रॉनवर, जे दिसत नाही. टेंपरेचर वाढलं की तरंगलांबी त्याच प्रमाणात आखूड होते, हा वीनचा नियम, १८९३ चा.

आणि किती चमकायचं त्याचाही हिशेब आहे. स्टेफाननी १८७९ मध्ये सांगितलं की बाहेर पडणारी एनर्जी टेंपरेचरच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते, म्हणजे टेंपरेचर दुप्पट तर एनर्जी सोळापट (टेंपरेचर केल्विनमध्ये मोजायचं, डिग्रीत नाही, इथं पोरं हमखास चुकतात). ह्या हिशेबाने आपली त्वचा दर चौरस मीटरला जवळजवळ ५०० वॅट बाहेर टाकते. ऐकायला भयंकर वाटतं, पण खोलीच्या भिंतीही आपल्याकडे ४५० वगैरे परत टाकत असतात म्हणून आपण गारठून मरत नाही. फरक तेवढा आपला खर्च.

गवताचं तेच होतं. ५ डिग्रीचं गवत दर चौरस मीटरला ३४० वॅटच्या आसपास वर टाकतं, आणि वरून निरभ्र कोरडं आकाश त्याला साधारण अडीचशे परत देतं, कारण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड काही रंगांचा इन्फ्रारेड शोषून परत पाठवतात पण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक आहे, तिथून गवताची उष्णता थेट अंतराळात निघून जाते. म्हणजे रात्रभर ७० ते ९० वॅटचा तोटा. जमिनीलगतची हवा आणि माती थोडं भरून देतात पण पुरत नाही, आणि गवत हवेपेक्षा तीन-चार डिग्री खाली उतरतं. ढग असले की ढगाचा तळ आकाशापेक्षा खूप उबदार असतो आणि तो सगळ्याच रंगांत चमकतो, म्हणून ढगाळ रात्री बर्फ पडत नाही. हे मामांना पुस्तक न वाचता माहिती होतं. "आभाळ आलं की आम्ही झोपतो" असं म्हणाले.

शेकोटीबद्दल एक सांगून टाकते कारण तिच्याबद्दल गैरसमज आहे. धूर पांघरुणासारखा उष्णता अडवतो असं सगळे धरून चालतात, पण धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि १० मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला ते फारसे दिसतच नाहीत, तो सरळ निघून जातो. फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि त्यामुळे खालची थंड हवा आणि वरची उबदार हवा ढवळली जाते त्याचा. म्हणून एक मोठी होळी करण्यापेक्षा बारक्या-बारक्या पुष्कळ शेकोट्या चांगल्या. पाणी सोडणं खरंच कामाचं, ओल्या मातीत उष्णता जास्त साठते आणि खालून वरही लवकर येते.

बरं, आता खरा मुद्दा. सूर्याकडून एनर्जी मिळते म्हणून जीवसृष्टी आहे असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धवट आहे. पृथ्वी सूर्याकडून जेवढी एनर्जी घेते जवळजवळ तेवढीच परत अंतराळात टाकते. सरासरी काढली तर दर चौरस मीटरला २४० वॅट आत, २४० च्या आसपास बाहेर. थोडी शिल्लक आजकाल राहते, त्यालाच आपण ग्लोबल वॉर्मिंग म्हणतो, पण ती एक वॅटच्या आगेमागे. म्हणजे जमाखर्च बघितला तर हातात काहीच उरत नाही. मग सूर्य आपल्याला देतो काय?

इथं एन्ट्रॉपी येते. एन्ट्रॉपी म्हणजे पसारा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, कारण पसारा हा बघणाऱ्याच्या मनावर असतो. एन्ट्रॉपी म्हणजे मोजदाद. बाहेरून एकच दिसणारी गोष्ट आतून किती वेगवेगळ्या प्रकारांनी घडू शकते त्याची मोजदाद. माझ्याकडे शंभराची एक नोट आहे आणि समोर दहा खिसे आहेत, तर ती ठेवायचे प्रकार दहाच. तेच शंभर रुपये पाच-पाचच्या वीस नाण्यांत असले तर दहा खिशांत ती वाटायचे प्रकार १ कोटीच्या वर जातात (मी मोजलेत, सगळी नाणी सारखी धरून १,००,१५,००५). रक्कम तीच, शंभरच, पण शक्यता कुठच्या कुठे गेल्या. आणि सुट्टे झालेले पैसे आपोआप परत एका नोटेत गोळा होत नाहीत, त्यासाठी कुणीतरी दुसरीकडे खटाटोप करावा लागतो.

प्रकाश पण असाच नोटा-नाण्यांत येतो, त्यांना फोटॉन म्हणतात. सूर्याच्या एका सरासरी फोटॉनची किंमत पृथ्वीने परत पाठवलेल्या फोटॉनच्या वीस-बावीसपट, कारण फोटॉनची सरासरी एनर्जी टेंपरेचरच्या प्रमाणात असते, सूर्य ५७७० केल्विनवर आणि पृथ्वी अंतराळातून बघितली तर सरासरी २५५ केल्विनवर, भागाकार करून बघा. म्हणजे सूर्य आपल्याला एक मोठी नोट देतो आणि आपण त्याच रकमेची वीसेक नाणी करून अंतराळात फेकतो. एनर्जी तेवढीच गेली पण जाताना एन्ट्रॉपी वीसपट घेऊन गेली. ह्या मधल्या फरकावर वारा वाहतो, पाऊस पडतो, गोदेला पूर येतो, पानात साखर बनते. सूर्य आपल्याला एनर्जी देतो त्यापेक्षा तो आपल्याला कमी एन्ट्रॉपीची एनर्जी देतो हे जास्त महत्त्वाचं, आणि तितकंच महत्त्वाचं की चिल्लर टाकायला काळं थंड आकाश आहे. समजा आकाश सगळीकडून सूर्याएवढंच तापलेलं असतं, किंवा अगदी पृथ्वीएवढंच उबदार असून सूर्य नसता, तर एनर्जी भरपूर असूनही एक पान उगवलं नसतं.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. ज्या आकाशामुळे त्यांचे मणी तडकतात, त्याच आकाशामुळे मण्यात साखर भरते.

आता थोडी आकडेमोड, नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल पण मला ह्यातली एक गोष्ट फार सुंदर वाटते. साधी उष्णता एका वस्तूतून दुसरीत जाते तेव्हा सोबत जाणारी एन्ट्रॉपी म्हणजे उष्णता भागिले टेंपरेचर. प्रकाशासाठी मात्र त्याच्या चार तृतीयांश येते. हे जास्तीचं एक तृतीयांश कुठून आलं? असं समजा की एक रिकामं बंद खोकं आहे, अगदी रिकामं, आणि आपण त्याच्या भिंती हळूहळू तापवतोय, तर आत प्रकाश भरत जाईल. सुरुवातीला भिंती थंड होत्या तेव्हा जी एनर्जी आत आली ती कमी टेंपरेचरला आली, म्हणजे तिच्यासोबत एन्ट्रॉपी जास्त आली, आणि शेवटची एनर्जी पूर्ण तापलेल्या भिंतीकडून आली तिच्यासोबत कमी. सगळ्याची बेरीज केली की बरोबर चार तृतीयांश निघतं, चौथ्या घाताच्या नियमामुळे. पृथ्वीला हे लावलं तर आत येणाऱ्या २४० वॅटबरोबर दर सेकंदाला एन्ट्रॉपी येते ०.०५५ ज्यूल प्रति केल्विन आणि बाहेर जाते १.२५. सूर्यप्रकाश हवेत विखुरतो वगैरे भानगडी बाजूला ठेवून हा ढोबळ हिशेब आहे, पण म्हणजे आपल्या अंगणातला प्रत्येक चौरस मीटर दर सेकंदाला साधारण १.२ एकक एन्ट्रॉपी तयार करून अंतराळात पाठवतोय. रात्रंदिवस.

रिकाम्या खोक्यातल्या प्रकाशाला वायूसारखं वागवायचं ही कल्पना बोल्ट्झमनची. १८८४ मध्ये त्यांनी असं धरलं की प्रकाश भिंतीवर दाब टाकतो, वायूसारखा, आणि त्यावर उष्णतेचे नेहमीचे नियम लावले तर स्टेफानचा चौथा घात कागदावर आपोआप निघाला, जो स्टेफाननी प्रयोगांच्या आकड्यांवरून काढला होता. फोटॉन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

आणि इथून पुढे जे झालं ते सगळ्यांना अर्धवट माहिती असतं. प्लांकनी क्वांटमची, म्हणजे एनर्जी ठराविक तुकड्यांत येते ही, कल्पना आणली, १४ डिसेंबर १९००, हे पाठ असतं. पण ते तिथपर्यंत पोचले कसे? एन्ट्रॉपीच्या वाटेने. त्यांना प्रत्येक रंगाच्या प्रकाशाची एन्ट्रॉपी काढायची होती आणि त्यासाठी शक्यता मोजायच्या होत्या, आणि शक्यता मोजायच्या तर एनर्जीचे तुकडे करणं भाग होतं, अखंड गोष्टीच्या वाटण्या मोजणार कशा? आपल्या नोटेचंच बघा, रुपयाचे कितीही बारीक तुकडे करता आले असते तर वाटायचे प्रकार अनंत झाले असते. प्रयोगाशी जुळवायला तुकडा शून्य करून चाललं नाही, तो ठराविक मापाचा ठेवावा लागला, आणि तिथून सगळं आधुनिक फिजिक्स निघालं.

तरी प्लांकच्या मांडणीत जुन्या पद्धतीचा एक सांधा राहिलाच होता. तो काढला आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी, ढाका विद्यापीठात शिकवत असताना, १९२४ मध्ये. त्यांनी प्रकाशाला सरळ फोटॉनचा वायू मानलं आणि मोजण्याची पद्धत बदलली. मी वर्गात हे क्रेटने सांगते. दोन क्रेट आहेत आणि दोन द्राक्षाचे घड ठेवायचेत. घडांना नावं असतील, एक मामाचा एक शेजाऱ्याचा, तर प्रकार चार. दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, मामाचा डावीकडे शेजाऱ्याचा उजवीकडे आणि त्याच्या उलट. पण फोटॉनला नाव नसतं, दोन फोटॉन इतके सारखे की त्यांची अदलाबदल केली हे वाक्यच निरर्थक, म्हणून प्रकार तीनच. ह्या मोजदादीने प्लांकचा नियम स्वच्छपणे बाहेर येतो. बोस यांनी तो निबंध आइनस्टाइनना पाठवला, त्यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला. वरती मी १ कोटीचा आकडा काढला तो "सगळी नाणी सारखी धरून" असं म्हटलं होतं ना, ती बोस यांची मोजणी आहे.

प्रकाशाची एन्ट्रॉपी फक्त रंगावर अवलंबून नाही, दिशेवर पण आहे. हे लक्षात आलं की रोजच्या कितीतरी गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. कडक उन्हातलं थेट ऊन एका दिशेने येतं, सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या डिग्रीचा दिसतो, म्हणून त्याची एन्ट्रॉपी कमी. तेच ऊन ढगातून गाळून आलं की रंग साधारण तोच पण दिशा हजार, एन्ट्रॉपी वाढली. म्हणून भिंगाने कडक उन्हात कागद पेटतो आणि ढगाळ दिवशी कितीही मोठं भिंग आणा, ठिपका पडत नाही, विखुरलेला प्रकाश एका बिंदूत गोळा करणं म्हणजे एन्ट्रॉपी फुकटात कमी करणं आणि ते भिंगाला जमणार नाही. शिर्डीला प्रसादालयाच्या छतावर ज्या मोठ्या सोलर डिश आहेत, वाफ करून स्वयंपाक करायला, त्या सूर्याकडे तोंड करून फिरवत ठेवाव्या लागतात आणि ढग आले की थंडावतात. आपल्या छतावरची सोलर प्लेट मात्र ढगाळ दिवशी थोडी तरी वीज देते, कारण ती प्रकाश गोळा करत नाही, पडेल तिथून घेते.

ह्याच कारणाने भिंग किंवा आरसा कितीही भारी असला तरी ऊन गोळा करून सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा गरम काही करता येत नाही. जास्तीत जास्त ४६ हजारपट ऊन एका जागी आणता येतं, त्यापुढे नाही. पोरं विचारतात, भिंग अजून मोठं घेतलं तर? मी म्हणते, समजा जमलं आणि ठिपका सूर्यापेक्षा गरम झाला. म्हणजे उष्णता थंड सूर्याकडून गरम ठिपक्याकडे आपोआप चालली. असा फुकटचा उलटा प्रवास जगात कुठेच होत नाही. लेन्सचं गणित न करता उत्तर मिळालं.

सोलर प्लेटचंही तसंच. उन्हातून वीज बनवताना एन्ट्रॉपी कुठेतरी टाकावीच लागते, म्हणून तत्त्वतःसुद्धा १०० टक्के शक्य नाही, चार तृतीयांशवालं गणित केलं तर वरची मर्यादा ९३ टक्क्यांच्या आसपास येते. साध्या एका थराच्या सेलला तर ३३-३४ टक्क्यांची मर्यादा आहे, १९६१ मध्ये शॉकली आणि क्वायसर यांनी काढलेली, कारण तो मोठ्या नोटांचा वरचा भाग उष्णतेत घालवतो आणि छोट्या नाण्यांना हातच लावत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. प्रकाश टाकून वस्तू थंड करता येते. १९२९ मध्ये प्रिंग्सहाइम नावाच्या शास्त्रज्ञाने सुचवलं की एखाद्या पदार्थावर थोड्या कमी एनर्जीचा प्रकाश टाकावा, पदार्थाने तो घ्यावा, त्यात स्वतःच्या उष्णतेतली थोडी भर घालावी आणि जरा जास्त एनर्जीचा प्रकाश बाहेर टाकावा, तर पदार्थ थंड होईल. वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की हे उष्णतेच्या दुसऱ्या नियमात (एकूण एन्ट्रॉपी आपोआप कमी होत नाही) बसत नाही, थंड वस्तूतली उष्णता काढून सगळीच्या सगळी चांगल्या एनर्जीत कशी बदलणार? वाद चालला. १९४६ मध्ये लांडाउ या दुसऱ्या रशियन शास्त्रज्ञाने तो मिटवला आणि तो मिटवला प्रकाशाची एन्ट्रॉपी मोजून. आत जाणारा प्रकाश एका दिशेचा, एका रंगाचा, एन्ट्रॉपी जवळजवळ नाही. बाहेर येणारा सगळ्या दिशांना, रंगांच्या पट्ट्यात पसरलेला, एन्ट्रॉपी भरपूर. पदार्थाची एन्ट्रॉपी कमी झाली पण प्रकाश त्याहून जास्त घेऊन गेला, नियम शाबूत. प्रत्यक्षात हे करायला लेसर आणि फार शुद्ध काच लागली, १९९५ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला यटर्बियम नावाचा धातू मिसळलेली काच लेसरने थंड झाली, पहिल्यांदा एका डिग्रीपेक्षाही कमी, पण झाली. लेसर म्हटलं की आपल्याला जाळणं आठवतं आणि इथे तो गारवा देतोय, फक्त आत आणि बाहेरच्या प्रकाशाच्या एन्ट्रॉपीतल्या फरकावर.

आपल्याकडे ह्याचा भाऊबंद प्रकार गच्चीवर होतो आणि त्याला लेसर लागत नाही. उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात ना, त्यात दोन कामं एकदम होतात. पांढरा चुना सूर्याच्या मोठ्या नोटा बहुतेक तशाच परत करतो, आणि इन्फ्रारेडमध्ये मात्र तो पांढरा नसतो, तिथे तो जवळजवळ काळ्या वस्तूसारखा, म्हणजे पूर्ण जोराने, चमकतो आणि ८ ते १३ मायक्रॉनच्या त्याच खिडकीतून घराची उष्णता आकाशात टाकत राहतो, भर दुपारी सुद्धा. चकचकीत पत्रा ऊन परत करतो पण इन्फ्रारेड टाकत नाही म्हणून तो हाताला चटका देतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ह्याच तत्त्वावर खास थरांचा एक पातळ पडदा बनवला, ९७ टक्के ऊन परत करणारा, आणि तो कडक उन्हात ठेवला असताना भोवतालच्या हवेपेक्षा जवळपास ५ डिग्री थंड राहिला. वीज शून्य.

मार्चमध्ये मामांनी पॅकिंगच्या शेडच्या पत्र्याला चुना मारून घेतला, अर्ध्याच, दुसरा अर्धा मुद्दाम तसाच ठेवला. दुपारी दोन वाजता फोन करून म्हणाले, एका पत्र्यावर हात ठेवता येतोय आणि दुसऱ्यावर नाही, आणि रात्री पुन्हा हात लावून बघतो म्हणाले, पहाटे दव कोणत्या बाजूला आधी येतंय ते.